सकाळी आठचं सँपल

मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी ३१ वर्षं लोकांचं रक्त काढलं. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला लावायची, शीर चाचपायची आणि सुई आत जाईपर्यंत माणसाला बोलतं ठेवायचं. "कुठनं आलात?" हा माझा ठरलेला प्रश्न. मिरजेला दवाखान्यासाठी पार कर्नाटकातनं, कोकणातनं माणसं येतात. उत्तर दर वेळी वेगळं मिळायचं आणि तेवढ्यात ट्यूब भरलेली असायची.

कॉर्टिसॉलचा कागद आला की मात्र चौकशी वाढायची. किती वाजता उठलात? रात्रपाळी असते का? दम्याचा पंप ओढता? गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय? सांधेदुखीवर कुणी पुडी दिलीय? (अशा पुडीत कधी कधी स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं आणि घेणारा शपथेवर सांगतो की नुसता झाडपाला आहे.) कॉर्टिसॉल हे हार्मोन घड्याळ पाळतं. पहाटे चढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोचतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. म्हणून सँपल सकाळी आठचं. अकरा वाजता मिसळ खाऊन आलेल्याला मी सरळ परत पाठवायची. "एवढ्यानं काय बिघडतंय हो?" असं म्हणत लोक जिना उतरायचे. बिघडतं. सकाळी आठचा आकडा दुपारी चारला निम्म्यावर आलेला असू शकतो.

३१ वर्षं मी रक्तात हार्मोन किती आहे ते मोजलं. शरीरातल्या पेशी त्याचं किती ऐकतात, हे मोजायची ट्यूब आमच्याकडं नव्हती. असा काही प्रश्न असतो हेही नोकरी सुटेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. तो प्रश्न घरातनंच आला.

नंदा माझी धाकटी बहीण. २०१९ मध्ये तिला डिप्रेशन आलं. कारण विचारलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. तिची शाळा, मुलगा, घर सगळं जागच्या जागी होतं. ही मात्र पहाटे तीनला जागी होऊन पंख्याकडं बघत पडायची. सांगलीच्या डॉक्टरांनी एसिटॅलोप्रॅम सुरू केली, आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा. चौथ्या आठवड्यात सकाळी सकाळी तिचा फोन आला. "ताई, आज पोहे केले. आणि खाल्लेसुद्धा."

२०२१ मध्ये माझे मिस्टर गेले. त्या वर्षाअखेर मी त्याच डॉक्टरांसमोर, त्याच खुर्चीत बसले होते. तीच गोळी, तोच डोस. सहा आठवडे झाले, आठ झाले, पोह्यांचा फोन काही माझ्याकडून गेला नाही. डोस वीसवर नेला तर हाताला कंप सुटला, मळमळ सुरू झाली, रात्री डोळ्याला डोळा लागेना. नंदा वैतागून म्हणाली, "अगं ताई, एकाच आईची लेकरं आपण. मला लागू पडलं ते तुला का पडत नाही?"

एकाच आईची लेकरं, हे खरं. पण आईबाप दर खेपेला पत्ते नव्यानं पिसून वाटतात. माणसामाणसांत डीएनएचा जो भाग वेगळा असतो, तो सख्ख्या बहिणींत सरासरी निम्माच जुळतो. शिवाय नंदाला लागू पडली म्हणून ती गोळी सगळ्यांनाच लागू पडते असंही नाही. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात 'स्टार-डी' नावाच्या अभ्यासात ४,०४१ रुग्ण घेतले होते. सगळ्यांना पहिलं औषध एकच, सिटॅलोप्रॅम; आमची एसिटॅलोप्रॅम म्हणजे तिच्यातलाच कामाचा अर्धा भाग. पहिल्या टप्प्यात पूर्ण बरे झाले ते तिघांत साधारण एक. म्हणजे वेगळी निघाली असेल तर नंदाच. मी बहुमतात होते.

नोकरी सुटली होती, झोप येत नव्हती, आणि चष्मा होता. मी वाचायला लागले.

सुरुवात माझ्या ओळखीच्या कॉर्टिसॉलपासूनच केली. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. ताण आला की तो सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो. ते खालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीला जाऊन भिडतं. ती एसीटीएच सोडते. ते रक्तातनं किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत जातं आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल सगळ्या अंगाला कामाला लावतं आणि उलट मेंदूकडं जाऊन सांगतं, पोचलं, आता बास. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो, तसं. डिप्रेशनच्या पुष्कळ रुग्णांत हा बॉल अडकलेला असतो. टाकी भरून वाहते तरी वरनं पाणी चालूच.

यातला सीआरएच सापडायला फार काळ लागला. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल यांच्या गटानं १९८१ मध्ये त्याची रचना उलगडली. ४१ अमिनो आम्लांची साखळी. त्यासाठी जवळजवळ पाच लाख मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे लागले. माझ्यासारख्याच कुणीतरी बाईनं तिथं बसून त्या तुकड्यांवर लेबलं चिकटवली असणार, हे माझ्या मनातनं जात नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बर्नार्ड कॅरॉल यांनी डिप्रेशनसाठी एक रक्ततपासणी सुचवली. ती मी हातानं केलेली आहे, दुसऱ्या आजारासाठी, कुशिंगचा संशय असला की. रात्री अकराला डेक्सामेथॅसोनची एक मिलिग्रॅमची गोळी द्यायची. ते कॉर्टिसॉलचंच बनावट भावंड. मेंदूला वाटतं, टाकी भरली, आणि तो वरचा नळ बंद करतो. सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर बॉल ठीक आहे. कॅरॉल यांनी मर्यादा आणि वेळा वेगळ्या धरल्या होत्या, पण युक्ती हीच. तीव्र डिप्रेशनच्या बऱ्याच रुग्णांत गोळी देऊनही कॉर्टिसॉल खाली येईना. मानसिक आजाराला लॅबमधली टेस्ट मिळाली म्हणून केवढा गाजावाजा झाला! मग तसाच निकाल वजन घटलेल्या माणसांत मिळाला, दारू नुकती सोडलेल्यांत मिळाला, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतही मिळाला. टेस्ट मागं पडली. बॉल अडकतो हे खरं होतं, फक्त तेवढ्यावरनं आजाराचं नाव सांगता येत नव्हतं.

मग मला एक छोटा प्रयोग सापडला आणि मी रात्री दोन वाजता उठून बसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मिकी ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी तो केला. २००० मध्ये छापून आला. सोळा बायका. आठजणींना पूर्वी बाळंतपणानंतर डिप्रेशन येऊन गेलेलं, आठजणींना कधीच नाही. प्रयोगाच्या वेळी सगळ्या ठणठणीत. औषधानं आधी त्यांचे स्वतःचे हार्मोन थांबवले, मग बाहेरून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन गरोदरपणासारखं चढवून आठ आठवडे ठेवलं, आणि मग झटक्यात काढून घेतलं. बाळंतपणात होतं तेच, फक्त बाळ नाही, जागरण नाही, सासर नाही. पहिल्या आठातल्या पाचजणींचं मन खचलं. दुसऱ्या आठातल्या एकीचंही नाही.

आमच्या लॅबमध्ये या सोळाजणींचं रक्त आलं असतं तर मी सोळा रिपोर्टांवर एकसारखे आकडे लिहिले असते, आणि खाली सही केली असती. हार्मोन सगळ्यांना सारखंच मिळालं होतं. फरक होता ते ऐकणाऱ्या पेशींत.

आता त्या ऐकण्याकडं. कॉर्टिसॉल पेशीत शिरतं तेव्हा आत त्याची वाट बघत एक रिसेप्टर असतो. तो एकटा नसतो, त्याला धरून मदतनीस प्रथिनं असतात. त्यातल्या एकाचा स्वभाव खोडसाळ आहे. ते रिसेप्टरला चिकटून राहिलं तर कॉर्टिसॉलची पकड ढिली पडते, निरोप अर्धवट पोचतो. हे प्रथिन ज्या जीनवरून तयार होतं त्याचं नाव एफकेबीपी-५, आपल्या सहाव्या गुणसूत्रावर. गंमत अशी की कॉर्टिसॉलच या जीनला चेतवतं. म्हणजे निरोप्या दार वाजवतो आणि त्याच आवाजानं आतला माणूस कानात बोळे घालतो. थोडा वेळ ते बरंच. सारखा आरडाओरडा कुणाला सोसतो? पण बोळे निघालेच नाहीत तर मेंदूला "आता बास" ऐकू येत नाही आणि टाकी वाहत राहते.

दक्षिण अमेरिकेत खारमाकड म्हणावीत अशी चिमुकली माकडं असतात, स्क्विरल मंकी. त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल इतकं असतं की तेवढं माणसात निघालं असतं तर मी सँपल पुन्हा लावलं असतं आणि डॉक्टरांना फोन केला असता. माकडं मजेत असतात. त्यांच्या पेशींत हे बोळेवालं प्रथिन भरपूर असल्यामुळं त्यांना ओरडूनच सांगावं लागतं. नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्या माझ्यासारखीला त्या माकडानं चांगलाच धडा दिला.

म्युनिकच्या माक्स प्लांक मानसोपचार संस्थेत फ्लोरियन होल्सबोअर यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं हाच अडकलेला बॉल अभ्यासला जात होता. तिथल्या एलिझाबेथ बिंडर यांनी दाखल झालेल्या डिप्रेशनच्या रुग्णांत कॉर्टिसॉलच्या यंत्रणेतले आठ जीन तपासले, आणि २००४ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये निकाल दिला. एफकेबीपी-५ मध्ये एका ठिकाणी काहींच्या डीएनएत सी हे अक्षर असतं, काहींच्या टी. आईकडनं एक प्रत, बापाकडनं एक. ज्यांना दोन्हीकडनं टी मिळालं, त्यांना औषधाचा गुण इतरांपेक्षा सरासरी दहाएक दिवस आधी आला. गोळी कुठल्या जातीची याला महत्त्व नव्हतं. पण त्याच लोकांना आयुष्यात डिप्रेशनचे झटके जास्त वेळा येऊन गेलेले होते. जे अक्षर बरं व्हायला मदत करतं, तेच पुन्हा आजारीही पाडतं, असं काहीसं. हे वाचून मला आमच्या आजीची आठवण झाली. एखाद्या माणसाचा राग पटकन येतो नि पटकन जातो म्हटलं की ती म्हणायची, मग बरं की वाईट ते ज्याच्या घरात आहे त्यालाच विचारा.

हे अक्षर करतं तरी काय, ते २०१३ मध्ये त्याच संस्थेतल्या टोर्स्टन क्लेंगेल आणि मंडळींनी दाखवलं. टी असला की डीएनएची दोरी अशी वळते, की कॉर्टिसॉल आल्यावर हा जीन अधिक जोरानं चालू होतो. आणि ज्यांना हे अक्षर आहे नि लहानपणी छळही सोसलाय, त्यांच्यात या जीनवरच्या रासायनिक खुणा पुसल्या जातात, मग तो पुढंही जोरातच चालत राहतो. छळ नसेल तर नाही. त्याआधी २००८ मध्ये बिंडर यांनीच अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयात आलेल्या ९०० गरीब रुग्णांत असंच काही पाहिलं होतं, आघातानंतरच्या लक्षणांबाबत. जीन एकटा काही करत नव्हता. बालपण आणि जीन एकत्र आले की फरक दिसत होता.

मला हे संशोधन फार आवडलं, अजून आवडतं. मेंढ्यांच्या मेंदूपासून एका अक्षरापर्यंतची वाट त्यात दिसते. पण लॅबमध्ये काम केलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दुसऱ्या लॅबमध्ये तोच निकाल येतो का?

कधी आला, कधी नाही. स्टार-डीच्या रुग्णांत एफकेबीपी-५ चा औषधाच्या गुणाशी काही संबंध मिळाला. मोठे अभ्यास सगळा डीएनए चाळायला लागले तेव्हा हा जीन वर येईना. सीआरएचच्या रिसेप्टरच्या जीनचंही तेच. लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या, फार चिंता करणाऱ्या रुग्णांत त्याचा एक प्रकार गुणकारी दिसला होता, तोही २००४ मध्येच. त्या रिसेप्टरला अडवणारी औषधंही निघाली, आणि डिप्रेशनवरच्या चाचण्यांत आपटली. एक एक आवडता जीन घेऊन त्याच्यामागं धावायच्या या पद्धतीला २०१९ मध्ये मोठा दणका बसला. कोलोरॅडोच्या रिचर्ड बॉर्डर यांच्या गटानं डिप्रेशनमध्ये सगळ्यांत जास्त अभ्यासलेले १८ जीन लाखो लोकांच्या माहितीवर ताडून बघितले. सेरोटोनिनशी संबंधित एक जगप्रसिद्ध जीनसुद्धा त्यात होता. सहज उचललेल्या इतर कुठल्याही जीनपेक्षा जास्त असं त्या १८ जीनमध्ये काही निघालं नाही. वीस वर्षांचे शोधनिबंध, करिअरं, पुस्तकं. लॅबमध्ये कंट्रोल (आधीच आकडा माहीत असलेलं सँपल) चुकला की त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट थांबवावे लागतात, तसं.

डिप्रेशनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा नाही असा याचा अर्थ नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो ३७ टक्क्यांच्या आसपास येतो. पण तो वाटा एका जीनमध्ये नसून शेकड्यांत वाटला गेलाय. जानेवारी २०२५ मध्ये २९ देशांच्या माहितीवरून आलेल्या अभ्यासात डीएनएतल्या ६९७ जागा निघाल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. औषध कुणाला लागू पडेल याचं गणित तर त्याहून अवघड, कारण तिथं मूळ आजार, औषध, लिव्हर, घर, झोप सगळंच मिसळतं.

थायरॉइडचं एक उदाहरण मात्र मला सोडवत नाही, कारण थायरॉइडची टीएसएच तपासणी ही आमच्या लॅबची रोजची भाजीभाकरी. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ सोडते, चार आयोडीनवालं. पेशींना हवं असतं टी-३. मधला एक आयोडीन तोडायचं काम डिआयोडिनेज नावाची एन्झाइमं करतात, त्यातल्या एकाचा जीन डीआयओ-१. जेरुसलेममधल्या एका छोट्या अभ्यासात सर्ट्रालीनच्या जोडीला टी-३ दिलं, आणि या जीनच्या ज्या प्रकारात रक्तात टी-३ मुळातच कमी राहतं, त्या लोकांना जोडीचा जास्त फायदा दिसला. पटण्यासारखं आहे, ज्याच्याकडं कमी, त्याला दिल्यावर उपयोग. पण अभ्यास लहान आहे, त्यावर कुणी इमारत बांधू नये. त्यापेक्षा साधी गोष्ट अशी, की आपल्या आठ मोठ्या शहरांत झालेल्या पाहणीत जवळपास ११ टक्के प्रौढांना थायरॉइड कमी असल्याचं निघालं. थकवा, वजन, झोप, उदासी, सगळं डिप्रेशनसारखंच. हे शोधायला जीन लागत नाही. माझा टीएसएच डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत करायला लावला होता, २.८ आला. तिथं गाडी नव्हती अडकली.

तर आता माझ्या जीन तपासणीच्या किटची गोष्ट.

नंदाचा मुलगा पुण्याला आयटीत आहे. माझी मळमळ ऐकून त्यानं परस्पर ऑर्डर टाकली. "मावशी, नळीत थुंकायचं नि कुरिअरवाल्याला द्यायचं, बास." मी आयुष्यभर डीएनएसाठी जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त काढलेली बाई, थुंकायचं हे मला जरा कमीपणाचंच वाटलं. किंमत माझ्या शेवटच्या पगाराच्या जवळपास जाईल एवढी. तीन आठवड्यांनी २४ पानांचा रंगीत रिपोर्ट आला. औषधांची नावं तीन रांगांत, हिरवी, पिवळी, लाल. एसिटॅलोप्रॅम पिवळ्यात. खाली एका चौकटीत एफकेबीपी-५, माझी अक्षरं सी आणि टी, शेरा "औषधाला प्रतिसाद संथ असू शकतो". फोनवरच्या मुलीनं सांगितलं, "मॅम, तुमच्या स्ट्रेस जीनमुळं ही गोळी तुम्हाला चालणार नाही." ज्या संशोधनावर ही चौकट उभी होती ते मी वाचलं होतं, आणि त्यात कुठलीही एक गोळी चालणार नाही असं कुठंच नव्हतं. मी तिला एवढंच विचारलं की कंट्रोल कुठले लावता. ती म्हणाली, सुपरवायझरला विचारून सांगते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्येच लोकांना सावध केलं होतं, की अमुक औषध लागू पडेल की नाही हे जीनवरून सांगणाऱ्या कित्येक टेस्टना आधार नाही, त्यावरून औषध बदलू नका. असे रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात दिल्यानं फरक पडतो का, हे तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १,९४४ जणांवर बघितलं गेलं. २०२२ मध्ये छापलंय. रिपोर्टवाले मधल्या काळात किंचित पुढं होते. चोवीस आठवड्यांनी म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं गेले, थोडी लाजतच. त्यांनी एफकेबीपी-५ ची चौकट वाचली. म्हणाले, "वाचायला छान आहे. मी यावरून गोळी बदलणार नाही, मॅडम." मग पान उलटून लिव्हरच्या रांगेवर बोट ठेवलं. सीवायपी-२सी१९. हे एन्झाइम एसिटॅलोप्रॅमचा निचरा करतं. माझी एक प्रत चांगली, एक निकामी. म्हणजे निचरा मध्यम. दोन्ही प्रती निकामी असलेले लोक युरोपात शंभरात दोन-तीन असतात, आपल्याकडं दहाएक. त्यांच्यासाठी सिटॅलोप्रॅम वीस मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाचं म्हणणं आहे. माझ्या मिस्टरांची अँजिओप्लास्टीनंतरची क्लोपिडोग्रेल याच एन्झाइमच्या हातून जात होती, पण उलट्या बाजूनं. तिथं एन्झाइम नसेल तर गोळी जागीच होत नाही.

"मध्यम आहे म्हणजे एवढा त्रास व्हायला नको," डॉक्टर म्हणाले. "दुसरं काय काय घेता?"

काही नाही, मी म्हटलं. बीपीची एक. कॅल्शियम. आणि हो, सकाळी ॲसिडिटीची.

"कुठली?"

ओमेप्राझोल. मिस्टर गेल्यापासून रोज घेत होते. मेडिकलवाल्यानं दिलेली, चिठ्ठीशिवाय. माझ्या लेखी ते औषधच नव्हतं. ओमेप्राझोल नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं, आणि रक्तात एसिटॅलोप्रॅम निम्म्यानं वाढू शकतं. एक प्रत निकामी जन्मतःच, उरलेली मी रोज सकाळी उपाशीपोटी, स्वतःच्या हातानं बंद करत होते. ३१ वर्षं दुसऱ्यांना पुडीबद्दल विचारणारी मी!

ओमेप्राझोल बंद झालं, त्याजागी दुसरी साधी गोळी आली. डोस परत दहावर. दोन आठवड्यांत कंप गेला, मळमळ गेली. मन मात्र होतं तिथंच होतं, हे मला इथं मुद्दाम सांगायचंय. लिव्हरच्या जीननं त्रासाचं कोडं सोडवलं, उदासीचं नाही. आणखी सहा आठवडे वाट बघून डॉक्टरांनी हळूहळू औषध बदललं, रात्रीची मिर्टाझापीन दिली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी रेडिओ लावला. कुणी सांगितलं नव्हतं. मग लक्षात आलं की मिस्टर गेल्यानंतर तो पहिल्यांदाच लागलाय.

ती गोळी मला का लागू पडली आणि पहिली का नाही, हे २४ पानांत नव्हतं. नंदानं आपला जीन कधी तपासला नाही. तिला गरजच पडली नाही. भाच्याला वाईट वाटू नये म्हणून रिपोर्ट कपाटात जपून ठेवलाय. लिव्हरच्या त्या एका पानाची झेरॉक्स मात्र माझ्या फाइलला लावलीय, पुढंमागं हृदयाची गोळी लागली तर उपयोगी पडेल.

तुमच्या घरात कुणाला डिप्रेशनची गोळी लागू पडत नसेल तर जीनच्या किटवर पैसे घालण्याआधी एवढं करा. डॉक्टरांकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. ॲसिडिटीच्या, कॅल्शियमच्या, कुणीतरी दिलेल्या पुड्यासुद्धा. थायरॉइड तपासला नसेल तर तपासा. पुरेसा डोस, पुरेसे आठवडे झालेत का ते विचारा आणि तोपर्यंत मनानं गोळी सोडू नका, वाढवू नका. रात्री-अपरात्री मन फार खाली गेलं तर टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि कॉर्टिसॉलचा कागद हातात मिळाला तर कृपा करून आठलाच जा. अकराला गेलात तर माझ्या जागी आता जी मुलगी आहे ती परत पाठवेल. तिला मीच शिकवलंय.